तिस्लेमचे वीस किलो

पोरींना जाड करणं हा माझा धंदा होता. वाळवंटातल्या आमच्या वस्तीत मी चाळीस पोरी भरल्या. सात-आठ वर्षांची काटकुळी पोर तिची आई माझ्या तंबूत सोडून जायची आणि दोन वर्षांनी लग्नाजोगी करून घेऊन जायची. उंटिणीच्या दुधाचा वाडगा पुढ्यात ठेवायचा. रडली तर पायाची बोटं दोन काड्यांत धरून दाबायची, ओकली तर तेच परत पाजायचं. ज्यांना नाकं मुरडायची त्यांनी मुरडावीत. त्या काळी बारीक बायको दिसली की लोक तिच्या बापाला दरिद्री म्हणायचे. माझ्या हातची एकही पोर बिनलग्नाची राहिली नाही. माझी लेक तिस्लेम त्यातलीच.

आता ती बेचाळीसची आहे. नवरा कधीच सोडून गेला. राजधानीत, नवाकशोतच्या बाजारात तिचं मेलहफांचं दुकान आहे, बायका अंगाला गुंडाळतात त्या कापडांचं. यंदा रमजान संपला आणि ती दुकानाच्या पायरीवरच धाप लागून पडली. डॉक्टर म्हणाला, हृदयाची झडप गेलीय, ऑपरेशन हवं, पण एवढ्या वजनात भूल देणार नाही.

"तीन महिन्यांत वीस किलो उतरवा. आणि घरातलं कुणीतरी जबाबदार पाहिजे. खाण्यावर लक्ष ठेवेल, दर शुक्रवारी वजन लिहील असं."

"मी आहे की," मी म्हटलं. "चढवलं मी, उतरवीनही मीच."

डॉक्टर हसला. तिस्लेम हसली नाही.

मी साखर पेटीत घालून कुलूप लावलं. चहाचा तिसरा पेला बंद. वाफवलेल्या रव्याचा कुसकुस माझ्या मुठीनं, एक मूठ. संध्याकाळी स्टेडियमभोवती चालायला पाठवायची. शहरातल्या निम्म्या जाड्या बायका तिथे मेलहफाखाली बूट घालून फेऱ्या मारतात. माझे गुडघे गेलेत, म्हणून मी दारात बसून हिशेब घ्यायची.

"किती फेऱ्या?"

"पाच, आई."

"घाम दोनचाच दिसतोय. गाभण उंटीणसुद्धा तुझ्या पुढे जाईल."

तिच्यासोबत शेजारची सल्का जायची. भुईमूग विकते, अंगानं पाण्याच्या टाकीएवढी, हसली की गल्लीला कळतं.

"खाला, जरा गोड बोला हो पोरीशी. दुखणं हृदयाचं आहे."

"तू आधी स्वतःची कंबर शोध, मग मला शिकव."

शुक्रवारी तिस्लेम औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहून यायची आणि आकडा सांगायची. मला आकडे तेवढे लिहिता येतात. एकशे अठरा, एकशे चौदा, एकशे नऊ. काट्यापेक्षा माझा हात खरा, दंड चिमटीत धरला की मला कळतं. पण ती दंड धरू द्यायची नाही. मला वाटलं, लाजते. शेवटच्या शुक्रवारी मी अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि दारात बसून गल्लीभर सांगितलं.

डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं. एकशे सतरा.

त्यानं माझी वही चाळली. मग माझ्याकडे बघितलं. "आणखी तीन महिने देतो," तो तिला म्हणाला. "पण लक्ष ठेवणारं माणूस बदला."

बाहेर बाकावर मी तिला धरलं. "मला तोंडघशी पाडलंस. काय खायचीस? कुठे?"

"दुकानात. गठ्ठ्यांच्या मागे बसून. पाव, मटण, जे मिळेल ते. तू बोललीस की जास्त."

"आणि आकडे?"

"तुला जे ऐकायचं असायचं ते सांगायचे. लहानपणापासून सांगते. आई, तुझ्या तंबूत मी अर्धं दूध चटईखाली वाळूत ओतायचे. तू रिकामा वाडगा बघायचीस. माझ्याकडे कधी बघितलंस?"

चाळीस पोरींतली एकही मला फसवू शकली नाही असं मी जन्मभर सांगत आले.

"खरा आकडा कुणालाच माहीत नव्हता?"

"सल्काला होता. दर शुक्रवारी सांगायचे."

"मग ती काय म्हणायची?"

"म्हणायची, बरं, उद्या चालू."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याच आठवड्यात ती कपडे घेऊन सल्काकडे राहायला गेली. मधे फक्त एक भिंत आहे. पलीकडून दोघींचं हसणं ऐकू येतं. काय हसतात कोण जाणे. निम्मं पोट रिकामं ठेवून माणूस एवढं हसतं हे मला माहीत नव्हतं. मी अडवलं नाही, बोलावलंही नाही. मी कुणाच्या दारात जात नाही.

तीन महिने झाले आणि काल सल्का एकटी आली. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"खाला, तारीख मिळाली. मंगळवारी ऑपरेशन."

"किती उतरलं?"

"ते मी सांगणार नाही. तिला शब्द दिलाय."

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच, खाला." मग खाली बघून म्हणाली, "मंगळवारी तुम्ही येऊ नका म्हणाली. तुम्हाला बघितलं की तिची छाती धडधडते, डॉक्टरनं शांत राहायला सांगितलंय. शुद्धीवर आली की मी लगेच येऊन सांगते."

आमच्यात दारात आलेल्याला चहा विचारला नाही तर ती शिवी समजतात. शेगडी पेटलेली होती, पाणी उकळत होतं. मी विचारलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.