तासाभराचं ऊन

"रुबेन, पुन्हा चालव. तुझ्या मशीनचंच काहीतरी बिनसलंय."

"तीनदा चालवलं, मिरेया. चौथ्यांदा चालवलं तर ते बिचारं उठून मलाच थोबाडीत मारेल."

मिरेया ओलावारिया खुर्ची सरकवून त्याच्या टेबलाशी आली. वाल्पाराइसोच्या टेकडीवरच्या या दोन खोल्यांच्या कचेरीत ती एकवीस वर्षं एकच काम करत होती. नवी इमारत उभी राहिली की कुणाच्या खिडकीतला किती उजेड जाईल, ते संगणकावर आधीच काढून द्यायचं. खोलीत वास दरवळावा म्हणून रॉकेलच्या शेगडीवर तिने ठेवलेली संत्र्याची साल करपून धूर काढत होती, आणि त्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

रुबेनच्या पडद्यावर आकडा होता : अर्धा तास. तिच्या पडद्यावर : दीड तास.

प्रकरण होतं अंधुक दिसणाऱ्या मुलांच्या शाळेचं. ट्यूबलाइटचा झगझगाट त्या मुलांच्या डोळ्यांना खुपतो, त्यामुळे शाळा चालते ती खिडकीतून येणाऱ्या उजेडावर. आता समोर उत्तरेला, म्हणजे दक्षिण गोलार्धात जिथून ऊन येतं नेमकं तिथेच, अठरा मजल्यांचा टॉवर येऊ घातला होता. बांधकामांना परवानगी देणाऱ्या समितीचा नियम सरळ होता. शाळेच्या वेळेतलं एक तासाहून जास्त ऊन जात असेल तर परवानगी नाही. मिरेयाचा दीड तास महिन्यापूर्वीच सगळ्या पालकांच्या तोंडी बसला होता. सुनावणी आज चार वाजता. आणि कालच समितीने कळवलं की हिशेब कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर केला ते लिहा, शिवाय तो नव्या आवृत्तीवरही चालवून दाखवा.

तिच्या मशीनवर लिनक्सची तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती होती. त्या मशीनला इंटरनेट जोडायचं नाही, त्यात काही बदलायचं नाही, असा कचेरीचा शिरस्ताच होता. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? रुबेनच्या मशीनवर मात्र यंदाची आवृत्ती. सॉफ्टवेअर तेच, शाळा तीच, टॉवर तोच.

"ऊन बघ," ती एकदम म्हणाली. "तुझ्याकडे खिडकीत पहिलं ऊन किती वाजता येतंय?"

"नऊला."

"माझ्याकडे आठला."

मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

यंदा सरकारने फर्मान काढलं होतं, हिवाळ्यात दरवर्षीसारखी घड्याळं एक तास मागे घ्यायचीच नाहीत. जूनच्या ऐन हिवाळ्यात सारा देश काळोखात उठून कामाला जात होता आणि सरकारच्या नावाने बोटं मोडत होता. तिच्या जुन्या मशीनला या फर्मानाचा पत्ताच नव्हता. एप्रिलअखेर पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ आपोआप तासभर मागे गेलं, तेव्हा "मेलं बिघडलं" म्हणत तिनेच ते हाताने पुढे सारलं होतं. वरचा काटा सरकला, आतला हिशेब जुन्या हिवाळी वेळेचाच राहिला. आणि सूर्य कुठे आहे ते तिचा प्रोग्रॅम त्या आतल्या हिशेबालाच विचारायचा.

शाळा एकला सुटते. टॉवरची सावली खऱ्या घड्याळाने साडेबाराला खिडकीवर येणार होती. म्हणजे गेला तो अर्धाच तास.

"मीच केलं हे," ती म्हणाली. "माझ्या या हाताने केलं."

तेवढ्यात दार ढकलून यास्ना आली, शाळेची मुख्याध्यापिका. हातात गरम एम्पानादांचं, सारण भरलेल्या करंज्यांचं, पुडकं. "सेन्योरा मिरेया, आधी खाऊन घ्या! समितीसमोर उपाशीपोटी उभं राहायचं नसतं!"

मिरेयाने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. यास्नाच्या मांडीवर पुडकं तसंच राहिलं.

"पण सकाळी नऊपर्यंत आधीच अंधार असतो आमच्याकडे," ती म्हणाली. "पोरं चाचपडत बाकं शोधतात. आता शेवटचा अर्धा तासही जाणार. तो सकाळचा अंधार कोण मोजणार?"

"तो सरकारचा अंधार आहे, यास्ना. समिती फक्त टॉवरचा मोजते."

"मग जुनंच द्या ना. जुन्या आवृत्तीवर केलं म्हणून लिहा, खोटं थोडंच आहे? नवी चाललीच नाही म्हणा. पाया पडते तुमच्या. तुमचा लाउतारो कुठे शिकला अक्षरं? त्याच खिडकीत ना?"

हे वर्मी लागलं. लाउतारो तिचा धाकटा भाऊ. वहीला नाक टेकवून, उन्हाचा चौकोन सरकेल तसा बाकावर सरकत तो वाचायला शिकला होता. मिरेयाने दोन्ही अहवाल छापले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. रुबेन खिडकीबाहेर बघत राहिला. साडेतीन वाजले तरी ती तशीच बसून होती. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता.

मग तिने जुना अहवाल फाडला. नव्याच्या खाली आवृत्ती लिहिली, सही केली, आणि त्याखाली आणखी एक ओळ : आधी कळवलेला दीड तास माझ्या चुकीमुळे.

यास्ना पुडकं टेबलावर ठेवून निघून गेली. समितीचं काम दहा मिनिटांत आटोपलं. टॉवरला परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मिरेया शाळेत गेली. कुणी बोलावलं नव्हतं. काळोख्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती. ती शेवटच्या बाकावर उजेड मोजायचं यंत्र घेऊन बसली. यास्नाने तिच्याकडे पाहिलंही नाही. नऊनंतर यंत्रातला आकडा हळूहळू चढू लागला, मुलांनी वह्या काढल्या.

साडेबारा वाजता ऊन खिडकीजवळच्या बाकावर होतं. आयेलेन नावाची एक मुलगी वहीवर नाक टेकवून एकेक शब्द लावत होती. ऊन सरकलं की तीही सरकायची.

"सेन्योरा," वर न बघताच तिने विचारलं, "तुमच्या यंत्रात आता किती आहे?"

"भरपूर आहे, बाळ. वाच तू."

यास्ना उठली आणि तिने पडदा बाजूला, शेवटच्या कडीपर्यंत सरकवला. एकची घंटा होईपर्यंत मिरेया सकाळच्या अंधाराच्या आकड्यांखाली यंत्रातले आकडे लिहून घेत राहिली.