सत्ताविसावा कूलर

मारोतरावानं आयुष्यात सत्तावीस कूलर बनवले. भिलाईच्या स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं घासलेला माणूस. भंडाऱ्याकडची माणसं भिलाईत येऊन दोन पिढ्या झाल्या तरी बाजारचा कूलर घेत नाहीत. घेतला तर सोयरे हसतात. सव्वीस कूलर हुडको आणि सेक्टर सहा या वसाहतींमध्ये अजून फिरताहेत. घात केला तो सत्ताविसाव्यानं.

तो त्यानं लेकीसाठी बनवला होता. प्राची पीएच.डी. करत होती, आणि तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एसी तीन वर्षं मेलेला होता. फी दर सत्राला न चुकता मागणाऱ्यांना एसीवाल्याला एक फोन करायला सवड नव्हती. सेहेचाळीस अंशांत पोरगी हातमोजे घालून काम करते, हे बापाला बघवलं नाही. अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी त्यानं कूलर ठेल्यावर लादून नेला आणि तिच्या टेबलासमोर खिडकीत बसवला.

टेबलावर तिचं मीठ असायचं. पण पातळ. पाण्यात विरघळलेलं नव्हे, स्वतःच पातळ. एक आम्ल आणि एक अल्क एकत्र केलं की आम्ल आपला प्रोटॉन अल्काला देऊन टाकतं आणि बाटलीत उरतात नुसते भारलेले कण, आयन. मारोतरावाला ही आधी थापच वाटली. मग त्याला भट्टीतला वितळलेला स्लॅग, लोखंडावरची मळी, आठवला. त्यातूनही करंट जातो, पाण्याचा थेंब नसताना. त्याला दीड हजार अंश लागतात आणि लेकीचं मीठ घरच्या तेलासारखं वाहतं, एवढाच फरक.

मीठ फ्यूएल सेलसाठी होतं, हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या डब्यासाठी. त्यात एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा, मध्ये हे मीठ. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनं जातो, तीच वीज. प्रोटॉन मात्र मिठातूनच पलीकडे पोचवावा लागतो. कसा, ते प्राचीनं बापाला जेवताना सांगितलं होतं.

"स्लॅब टाकतानी पाहिलं ना, बाबा? एखादा मजूर घमेलं डोक्यावर घेऊन स्वतः चालत जाते. नाही तं लाइन लागते अन् घमेलं हातोहात जाते, माणूस जागचा हालत नाही. मले लाइन पाहिजे."

पाणी घातलं की दोन्ही सोपं होतं. घट्ट मीठ सैल होतं, मजूर पळतो, हातोहातही चालतं. पण सव्वाशे अंशांवर चालणाऱ्या सेलमधून पाणी उडून जातं आणि लाइन तुटते. म्हणून पाण्याशिवाय चालणारं मीठ हवं. तिच्या प्रबंधाच्या नावातला पहिलाच शब्द होता 'निर्जल'.

त्या उन्हाळ्यात मिठाचा प्रोटॉन वाहून नेण्याचा आकडा एकाएकी चौपट झाला. गाईड राजदीप सरांनी पेढे वाटले, पेपर छापला, त्यावर आपलं नाव पहिलं टाकलं. कलावतीनं, प्राचीच्या आईनं, सगळ्या गल्लीला बुंदी खाऊ घातली.

मग बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. सगळं उत्तम, फक्त एक प्रश्न: नमुन्यात पाणी किती, हे मोजलं का? मोजलं नव्हतं. व्हॅक्यूममध्ये वाळवलं म्हणजे कोरडंच, असं सर म्हणायचे. प्राचीनं सरांना न विचारता मिठाची एक बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवली.

उत्तर तोंडी परीक्षेच्या दोन दिवस आधी, दुपारी आलं. पाच टक्के पाणी.

ती फोन हातात धरून अंगणात आली. मारोतराव कोणाच्या तरी कूलरचा पंप खोलून बसला होता.

"बाबा, माह्या लॅबमधी कूलर तुमी कोन्या दिवशी लावला होता?"

"अक्तीच्या दुसऱ्या दिवशी. कावून?"

तिनं रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं. अक्तीपर्यंतचे आकडे मरतुकडे. दुसऱ्या दिवसापासून चौपट. वाळवलेलं मीठ ती टेबलावर बाटली उघडून मोजणीच्या बंद सेलमध्ये भरायची, कूलरच्या तोंडासमोर. ते मीठ हवेतली ओल अशी ओढतं, जसा पावसाळ्यात गूळ.

मारोतरावाच्या हातातला पाना खाली पडला. चौतीस वर्षं त्यानं कूलरच्या हवेला थंडी हवा म्हटलं होतं. तिला ओली हवा म्हणायचं असतं, हे आत्ता कळलं. तेही पोरीची तीन वर्षांची मेहनत त्यात भिजल्यावर. त्याला घाम फुटला, आणि समोरचा कूलर चालू करायची त्याची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी दोघं सरांकडे गेले. सर हसले. बाटलीचं झाकण नंतर ढिलं राहिलं असेल म्हणाले. व्हॅक्यूमचं सांगायचं आणि गप्प बसायचं, पेपर मागे घेतला तर दोघांचंही तोंड काळं होईल म्हणाले. निघताना मारोतरावाच्या खांद्यावर हात टाकला.

"काका, कूलर का नाम मत लेना. वही तो हीरो है."

मारोतरावाला ते पटलं. लाज सोडून सांगायचं तर पटलंच. वाटेत त्यानं लेकीला विनवलं, डिग्री घे, मग काय बोलायचं ते बोल. प्राची स्कूटर चालवत राहिली.

परीक्षेच्या दिवशी हॉल तापलेला. परीक्षकबाईंना उकडू नये म्हणून सरांनी तोच कूलर प्रयोगशाळेतून आणवला. तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली, म्हणून मारोतराव आणि कलावती मागच्या रांगेत होते. बाईंनी पाण्याचाच प्रश्न विचारला. सरांनी भुवया उचलल्या. प्राचीनं खिशातून दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल काढून बाईंसमोर ठेवला, पाच टक्के वाचून दाखवले, आणि मागच्या रांगेकडे वळली.

"बाबा, या कूलरले दिवसाचं किती पाणी लागते?"

सगळ्या माना वळल्या. मारोतराव उठला. कलावतीनं त्याचा सदरा खाली ओढला. म्हणता आलं असतं, मले नाही माहीत. पण कूलरबद्दल तो आजवर खोटं बोलला नव्हता.

"साठ लिटर."

"जाते कुठं?"

सरांकडे न पाहता तो म्हणाला, "हवेत. जिथं ठेवला, त्या खोलीच्या हवेत."

तो पुढं चालत गेला आणि त्यानं स्वतः प्लग काढला. पंख्याचा आवाज बसत बसत थांबला. हॉल लगेच तापू लागला. बाईंनी कपाळाचा घाम पुसला, प्रबंधाचं पहिलं पान उघडलं आणि 'निर्जल' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"ये शब्द हटाइए और सब फिर से नापिए, पानी भी," त्या प्राचीला म्हणाल्या. "एक साल लगेगा."

प्राचीनं मान डोलावली. कूलर पुन्हा लावा, असं कोणी म्हटलं नाही.