आनामायच्या वाटणीचं पान

आमच्या गोव्यातल्या साष्टीत लग्नाआधी भिकाऱ्यांना जेवण घालायची रीत आहे. घरातले मेलेले त्या दिवशी भिकाऱ्यांच्या तोंडाने जेवतात, म्हणून जितके आपले मेलेले तितकी पानं. आधी क्रुसापुढे लादैन, म्हणजे प्रार्थना, म्हणायची, मग फेणीचा एकेक घोट, मग जेवण. हे झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळदीसारखा नारळाच्या दुधाचा रोस लागत नाही. माझ्या लहानपणी भिकाऱ्यांना शोधावं लागत नसे. वडे तळल्याचा वास सुटला की शेताच्या बांधावरून ते ओळीने येताना दिसायचे, पुढे पासकेलाची आई, तिच्या मागे पदर धरून पासकेला.

पुढे घराघरातले मुलगे बोटीवर गेले, आखातात गेले, आणि गावात भिकाऱ्यांचा दुष्काळ पडला. नेमकं त्या दुष्काळात इफिजेनियाच्या ज्युसिलाचं लग्न निघालं.

इफिजेनिया माझी शेजारीण, इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दयामंडळाची अध्यक्ष. परक्याला घरात घ्यावं असा धडा ज्या रविवारी असे, तो वाचायला तीच उभी राहायची. इतकं गोड वाचायची की बाहेर विड्या ओढणारे पुरुषही आत येऊन बसायचे. तिच्या फाटकाला मात्र कुलूप होतं, फाटकाच्या आत कुत्रा होता, आणि फाटकावर पाटी होती: भिकारी व फेरीवाले यांना मनाई.

सासू आनामाय मरताना तिच्याकडून वचन घेऊन गेली होती. नातीच्या लग्नात माझ्या वाटणीचं पान मांड आणि त्यावर तुझ्या हाताने वाढ. दोघींचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं. जिवंतपणी ते चालून गेलं, पण मेलेल्या सासूला उपाशी ठेवायची इफिजेनियाची छाती नव्हती. त्यात नवऱ्याने, व्हेनान्सियुने, सांगून टाकलं की आई जेवल्याशिवाय मुलीला रोस लागणार नाही.

सात भिकारी हवे होते. सहा कसेबसे जमले. पासकेलाच्या मुलाने बोटीवरून फ्रीज पाठवला होता, पण घरची रीत मोडायची कशी म्हणून ती यायला तयार झाली, मात्र गाडी पाठवा म्हणाली. एकाला साखरेचा आजार, त्याला गोड नको होतं. सातवा मिंगेल. त्याने ऐनवेळी निरोप पाठवला की पलीकडच्या वाड्यावर जेवणासोबत छत्रीही देतायत.

दुपारी लादैन संपली. सहाजण पानांवर बसले. आनामायचं पान रिकामं.

इफिजेनिया फाटकात येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघू लागली. समोर पाण्याच्या पाइपासाठी चर खणत होते. कामकरी सगळे घाटावरचे. त्यांच्यातली यल्लव्वा नावाची बाई सकाळी कळशी घेऊन पाणी मागायला आली होती. नळाला पाणी नाही, असं इफिजेनियाने तिला खिडकीतून सांगितलं होतं, आणि आत न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता.

मी म्हटलं, समोर आहे की माणूस, बोलव. ती म्हणाली, ती कसली आपली भिकारी, तिला लादैन कुठली यायला? तेवढ्यात व्हेनान्सियु कोट घालून बाहेर आला, रिकाम्या पानाकडे त्याने बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मग इफिजेनियाने कुलूप काढलं.

"इकडे ये गो. जेवायला चल."

यल्लव्वाने डोक्यावरची पाटी खाली ठेवली नाही. "कशाला?"

"भिकाऱ्यांचं जेवण आहे."

"मग भिकाऱ्याला बोलवा, बाई. मी सकाळी पाणी मागितलं होतं. ते आणलं आम्ही विहिरीवरून."

खणणारे हात थांबले. इफिजेनियाने आवाज खाली आणला. "माझी सासू उपाशी आहे गो. मुलीचं लग्न अडलंय. पाया पडते तुझ्या."

"सासू कुठंय?" यल्लव्वाने मला विचारलं. मेली, म्हटलं, कधीच मेली. तिने जरा विचार केला आणि पाटी उतरवली. "म्हातारीसाठी येते. भीक म्हणून नाही."

व्हरांड्यात पासकेला फणकारली. "ही कोण? आम्ही तीन पिढ्या या घरचे भिकारी. उद्या कोणीही उठेल आणि येऊन बसेल." साखरवाल्यानेही मान डोलावली. यल्लव्वाने पाय धुतले, पानावर बसली आणि म्हातारीचं नाव विचारलं. ते त्या सहाजणांपैकी कोणी विचारलं नव्हतं. "आनव्वा, जेव," असं म्हणून तिने पहिला घास घेतला. डुकराचं मटण तिने बाजूला सारलं, पण वोण, ती गुळाची खीर, मागून मागून खाल्लं. इफिजेनिया वाकून वाढत होती. मागे कधीतरी व्हेनान्सियुचं दार उघडलं.

निघताना सहाजण देव बरें करूं म्हणाले आणि पुडे घेऊन गाडीत बसले. यल्लव्वाने पुडा घेतला नाही. "आता तुम्ही या आमच्याकडे," ती इफिजेनियाला म्हणाली. "भाकरी असते."

इफिजेनिया येते येते म्हणाली, सगळेच म्हणतात तसं. संध्याकाळी रोस झाला. रविवारी पाद्रींनी परक्याला पंक्तीला बसवणाऱ्या एका बाईची स्तुती केली, आणि इफिजेनियाने मान खाली घातली. ती लाजली असं सगळ्यांना वाटलं.

लग्न उरकल्यावर ती आपणहून माझ्याकडे आली. जाऊया म्हणाली. लग्नात वाटतात त्या चण्याच्या गोड दोसचा डबा हातात होता. आम्ही गेलो तर चर बुजला होता, पाइप जमिनीत गेला होता, आणि झोपड्यांच्या जागी तीन दगडांच्या काळ्या चुली तेवढ्या होत्या.

"कुठल्या गावची म्हणाली होती?" इफिजेनियाने विचारलं.

"आपण कुठे विचारलं?"

मग परत येताना दोसचा डबा कोणाला तरी द्यावा म्हणून आम्ही दारोदार थांबत आलो. कोणी घेतला नाही. प्रत्येकाकडे लग्न होतं, प्रत्येकाकडे दोस होतं.