क्रौंचाच्या पिलाची भयपरीक्षा

पाणथळ अर्धी भरावाखाली गेली होती आणि उरलेल्या अर्धीत पक्षी धरायला जाळी लावणाऱ्यांचा सुळसुळाट होता. क्रौंचांची जात नामशेष व्हायच्या बेताला आली, तेव्हा संवर्धन केंद्राने ठरवले की अंड्यातून निघालेल्या पिलाला माणसाचे तोंडही दिसता कामा नये, म्हणजे ते माणसाला भिऊन राहील. आईची जागा राखणदाराला मिळाली. डोक्यापासून घोट्यापर्यंत करडा अंगरखा, हातात लाकडी चोच, आणि तोंडाला कुलूप! या शेवटच्या अटीवर भाळूनच त्याने नोकरी पत्करली होती. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्याला दरदरून घाम फुटत असे.

आज पिलाची परीक्षा होती. माणूस पाहून ते पळाले तर मोकळे सुटणार, नाही पळाले तर जन्मभर पिंजऱ्यात. घाबरवणाऱ्या माणसाचे काम केंद्राच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे राखणदाराच्या मेहुण्याकडे होते. त्याने पत्र्याचा डबा बडवला, काठी फिरवली, आभाळ डोक्यावर घेतले. पिलाने आईकडे पाहिले. आई शांत होती. मेहुण्याचा आरडाओरडा ती लग्नापासून ऐकत आली होती. पिलू पुढे झाले आणि मेहुण्याच्या बुटाची नाडी ओढू लागले.

"दाजी, तुम्ही तरी घाबरल्यासारखं करा की!" मेहुणा रडकुंडीला आला.

राखणदाराने पंख फडफडवून चार उड्या मारल्या. पिलाला वाटले, नाच आहे, तेही नाचले.

"संपलं," काठावरून केंद्राचे संचालक म्हणाले. "पिंजरा मागवा."

राखणदाराने पिलाला पंखाखाली ओढले. पण रीतीला चुकतील तर ते संचालक कसले! त्यांनी माईक मागवला, परीक्षा पाहायला जमलेल्या पाहुण्यांकडे हात केला आणि ते चिखल तुडवत राखणदाराकडे आले.

"निकाल काही लागो, तुमच्या मातृत्वाला तोड नाही. आता दोन शब्द बोला."

माईक चोचीला टेकला मात्र, आई जीव मुठीत धरून लव्हाळ्यात घुसली. तिची ती भीती खोटी नव्हती. पिलाने ती तत्क्षणी ओळखली आणि आईच्याही पुढे धूम ठोकली.

"पास!" मेहुणा नाचू लागला. "दाजी, पिलू सुटलं! या बाहेर, सगळे वाट बघतायत!"

लव्हाळ्यातून पिलाने मान वर काढली. काठावर माईक अजून चालूच होता. कापडी पंख हळूच वर आला आणि त्याने ती मान पुन्हा खाली दाबली.