आकडा विचारायचा नाही

नाम हेसुनने हातातल्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो जाकिटाच्या खिशात कोंबला.

"ताई, तो वाचायचाय तुम्हाला," विभागप्रमुख गू मॅडम व्यासपीठाखालून हळूच म्हणाल्या.

"वाचला मी. खोटं लिहिलंय."

माइक सुरू होता. कोरियातल्या जोनजू शहराच्या त्या आरोग्यकेंद्रात जमलेल्या साठेक बायकांनी माना वर केल्या. वजन उतरवण्याचा बारा आठवड्यांचा वर्ग आज संपत होता. अठ्ठावीस किलो उतरवून सहा वर्षं टिकवलेली बाई म्हणून हेसुनला बोलायला आणलं होतं. कागदावर होतं, मन घट्ट केलं की पुढे सगळं सोपं.

"सोपं काही नाही," ती म्हणाली. "बाजारात माझं किमची आणि तोंडीलावण्यांचं दुकान आहे. दिवसभर चव घ्यावी लागते. घेतलेला प्रत्येक घास मी वहीत लिहिते. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहते. दुकान बंद केलं की नदीकाठाने तासभर चालते, बर्फ पडला तरी. भूक काही कमी झालेली नाही."

"छान. आता टाळ्या होऊ द्या," मॅडम पुढे सरसावल्या.

"थांबा, माझं संपलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली. वही सुटली, चालणं सुटलं, चार किलो चढले. तुमच्या दारापाशी माझा फोटो होता, तो तुम्ही आठवड्यात उतरवलात. फोन मात्र एकीनेही केला नाही. चार किलो उतरले, तसा फोटो पुन्हा लागला. मधले सात महिने मी मेले होते का?"

तिचा आवाज चढला नव्हता.

मागच्या रांगेतून एक अंगाने भरलेली बाई उठली. शाळेची बस चालवणारी प्यो जोंगरिम.

"फोन करून विचारायचं काय, ताई?"

हेसुन व्यासपीठाच्या कडेपर्यंत आली.

"आज काट्यावर उभी राहिलीस का, एवढंच. आकडा विचारायचा नाही."

मॅडमनी माइक काढून घेतला. जिन्यात त्या म्हणाल्या, "पुन्हा बोलावणार नाही तुम्हाला."

"फोटोही उतरवा," हेसुन म्हणाली.

बाहेर जोंगरिम थांबली होती. दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हेसुनने फोन लावला.

"उभी राहिलीस?"

"राहिले." जोंगरिमने उलट विचारलं, "आणि तुम्ही, ताई?"

हेसुनने कपाटाकडे पाहिलं. कार्यक्रमाचं बोलावणं आल्यापासून, गेले अकरा दिवस, तिचा काटा कपाटाखाली ढकललेला होता.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली, आणि गुडघे टेकून खाली वाकली.