करंजाहून येताना

चंद्रावतीनं कार्ड मागितलंच नव्हतं, एवढंच आम्हाला बँकेला पटवून द्यायचं होतं. तिच्या नावानं कुणीतरी क्रेडिट कार्ड काढून वापरलं होतं आणि बँकेनं तिचं खातं अडवून ठेवलं होतं. शेताच्या मोबदल्यातलं जे काही उरलं होतं ते त्याच खात्यात होतं, आणि तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यातूनच व्हायचं होतं. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यासाठी आता थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून आम्ही दोघं नेऱ्याहून पनवेलला, आभा वकीलबाईंकडे गेलो. बाई कार्डांच्याच तक्रारी बघतात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्या मला कळेल असं सांगतात.

"काका, न मागता कार्ड द्यायचं नाही, असा नियमच आहे. दिलं तर निस्तरायचं बँकेनं. पण बँक म्हणते, काकूंनीच मागितलं. त्यांनी व्हिडिओ पाठवलाय."

"कसला?"

"हल्ली कार्ड देण्याआधी माणसाला फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसवतात. चेहरा बघतात, चार प्रश्न विचारतात. कुणीतरी काकूंसारखी दिसणारी बाई बसवली असणार. ही माझी बायको नव्हे, असं तुमचं प्रतिज्ञापत्र मी तयार ठेवलंय. इतक्या वर्षांचा संसार तुमचा. तुमच्याइतकं तिला कोण ओळखणार?"

"तेच वळखतील," चंद्रावती म्हणाली. सकाळपासून ती एवढंच बोलली.

बाईंनी कागद बघितला. "तीन फेब्रुवारी, सकाळी अकरा. लोकेशन तुमच्याच घराचं दाखवतंय. त्या दिवशी घरी कोण होतं?"

"कुनी नाय. आमी दोघंबी करंजाला गेलो होतो, सुक्या मासलीला. घराला कुलूप होतं."

"मग झालं की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी व्हिडिओ लावला.

आमची निळी भिंत दिसली. तिच्यावरचं विजेच्या बटणांचं खोकं, त्याला मीच चिकटवलेली पट्टी. आणि भिंतीपुढं चंद्रावती, माझ्या खुर्चीवर, गुडघा चोळत बसलेली. बँकेचा पोरगा तिला मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, डोळे मिटा, उघडा, असं सांगत होता.

"फोटू काढतोस का मान मोडतोस, बाला?" ती म्हणाली आणि खळखळून हसली. पोरगाही हसला. वकीलबाईंनाही हसू आलं. माझ्या शेजारी बसलेली चंद्रावती हसली नाही. ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"घरी कोण कोण असतं, मॅडम?"

"मी आन् आमचा म्हातारा. आता नाय घरी. करंजाला गेलाय."

"एकटेच?"

"एकटाच. माझं गुडघं दुखतान, म्हनून बोलला, तू रहा."

बाईंनी व्हिडिओ थांबवला. "बघा, किती पढवून ठेवलंय!"

मी मान हलवली. पण माझ्या मनात करंजाचा धक्का आला होता. सुकत घातलेले बोंबील, त्यांचा वास, ऊन. पाटीत मासळी भरून मी वळलो, तेव्हा चंद्रावती पालथ्या घातलेल्या होडीला टेकून उभी होती. मी म्हटलं, चल. ती माझ्याबरोबर निघाली. त्या दिवसापासून ती अशी गप्पच आहे. वय झालं, दमली असेल, असं मी धरून चाललो होतो. जेवण करते, भांडी घासते, माझं पांघरूण सरकलं तर उठून नीट करते. तिच्याबद्दल वाईट सांगावं असं काही नाही. येताना एसटीत दोन तिकिटं काढली, हे मला नक्की आठवतं. जाताना किती काढली, ते काही केल्या आठवेना.

"काका, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"नको. पुढचं लावा."

"पुढं काही नाही. त्यानं फोन ठेवलाय, पण हिला बंद करता आलेला नाही. थोडा वेळ नुसती बसून राहते."

"तरी लावा, बाई."

त्यांनी लावला. ती बसली होती. फोन उलटासुलटा करून बघत होती, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. मग अंगणात कुणाची तरी पावलं वाजली. तिनं दाराकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आलाव का वो?"

माझं तोंड उघडलं होतं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात शेजारून चंद्रावतीनं माझ्या हातात पेन दिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. तिचा हात गार होता.

"सही करा," ती हळूच म्हणाली. "माझं डोलं करायचं हायेत."

मी सही केली. पडद्यावर ती दार उघडायला उठली होती.