गोड रक्त

एल्वियाने नवऱ्याचा पाय मांडीवर ओढला आणि लिंबाची फोड हातातच राहिली. चोळण्यासारखं काही नव्हतं. पोटरीवर एकही लाल पुटकुळी नव्हती.

पावसात हीच पोटरी सुजून यायची. ओढ्याकाठी उघडा पाय टाकून बसायचं, तिळाएवढी काळी माशी उतरली की नळीने ओढून बाटलीत घ्यायची आणि कुठल्या ओढ्यावर, कुठल्या महिन्यात किती, ते वहीत लिहायचं, हे ओसवाल्दोचं काम. सान क्रिस्तोबाल बेटावर त्या माशीला कार्मेलिता म्हणतात. ती गोड रक्ताच्या माणसालाच धरते, म्हणे.

"तुझी कार्मेलिता रुसली वाटतं?"

"गारुआ लागलाय. या थंड झिमझिमीत कुठली येते ती?"

"मग तीन तास पाय कुणाला दाखवत होतास? तुझ्याबरोबर मोजणीला असते त्या मिरेयाला?"

त्याने पाय काढून घेतला. "लिंबू वाया घालवू नकोस."

पुढच्या मंगळवारी एल्विया संत्र्यांच्या बागेतून धुकं चिरत ओढ्यावर गेली. मिरेया एकटीच होती, झगा गुडघ्याखाली सोडून निघायच्या बेतात.

"ओसवाल्दो कुठंय?"

"अगं बाई, तो वरच्या झऱ्यावर! आम्ही एका जागी बसतच नाही. माश्या वाटल्या जातात, आकडा चुकतो." मिरेया हसली. "आणि या दिवसांत एकच तास बसायचं असतं. तोच खुळा बसून राहतो. म्हणतो, इथं कुणी बोलत नाही."

एल्विया चढ चढली. तो दगडावर डोळे मिटून बसला होता. चेहरा लग्नाआधीचा. हा चेहरा घरी येत नव्हता; तो या पाण्याने ठेवून घेतला होता. तिने झऱ्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं.

त्याने डोळे उघडले. जिभेवर आलेलं सगळं तिने गिळलं, शेजारच्या दगडावर बसली आणि झगा गुडघ्यापर्यंत सारला.

झिमझिम पडत राहिली. पाणी आपल्याशी बोलत राहिलं. बऱ्याच वेळाने तिच्या पोटरीवर चटका बसला. ती हलली नाही.

ओसवाल्दो नळी घेऊन वाकला. माशी बाटलीत गेली. त्याने वही उघडली. पानभर शून्यंच होती. त्यांच्याखाली त्याने एक लिहिला.

"कुणाच्या पायावर, तेही लिहायचं असतं," तो म्हणाला. "काय लिहू?"

एल्वियाने ओठांवर बोट ठेवलं.